मुलगा पारधी आहे कळल्यावर सूरच बदलला. पोलिसांकडचं नाव आणि फोटो काढून घेण्यासाठी काय करता येईल?

डबेवाली_ठाणे

नमस्कार. नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी पोळ्या, दोन भाज्या, आमटीभात आणि दुपारचे डबे. डबे पोचवायला दोन मुलं आहेत, त्यातल्या एकाबद्दल विचारायचं आहे. त्याचं नाव लिहीत नाही. पोलीस ठाण्याचं आणि सोसायटीचंही लिहीत नाही, कारण अजून त्याला याच रस्त्यांवरून सायकल चालवायची आहे.

त्याची आई तीन हात नाक्याच्या सिग्नलवर गजरे विकते. मुलगा तिथेच पुलाखालच्या सिग्नल शाळेत शिकला, दहावी पास झाला. आयटीआयला जायचंय म्हणून पैसे साठवतोय. माझ्याकडे आल्यापासून एकदाही हिशेबात चूक नाही. सुट्टे पैसे कमी पडले तर गिऱ्हाइकाचे दहा रुपये लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी नेऊन देतो.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर चोरी झाली. आजी दुपारी झोपल्या होत्या, दार नुसतं लोटलेलं होतं, एक मोबाइल आणि सोन्याची चेन गेली. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे वेळ दोन ते चारमधली. त्या इमारतीत आमचा डबा सातव्या मजल्यावर जातो. माझ्याकडे डब्यांची वही असते. घर नंबर, डबा दिला ती वेळ, रिकामा डबा परत आला की खूण. त्या दिवशी सातव्या मजल्याची वेळ बारा वीस आहे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये आत बारा सतरा, बाहेर बारा सव्वीस. एक वाजायच्या आत तो केंद्रावर परत आला होता आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसून कांदे सोलत होता. दुसऱ्या दिवशी शंभर माणसांची ऑर्डर होती, त्यामुळे आम्ही पाचजणी तिथे होतो. पाचही जणी सांगायला तयार आहोत.

शुक्रवारी रात्री भांडी घासायची वेळ होती तेव्हा साध्या कपड्यातले तिघे आले. सुरुवातीला नीट बोलत होते. "बाळा, त्या बिल्डिंगमध्ये तू जातोस ना?" "हो साहेब." "आडनाव काय?" "पवार." "गाव?" त्याने आष्टी तालुक्यातलं गाव सांगितलं. मग त्यांच्यातला एकजण म्हणाला, "पवार म्हणजे मराठा का?" पोरगं खोटं बोललं नाही. म्हणाला, "नाही साहेब, पारधी." त्या क्षणापासून 'बाळा' संपलं. टोळीत कोण कोण आहे, रात्री कुठे जमता, आधी किती घरं फोडलीत, असे प्रश्न सुरू झाले. मी वही आणून समोर धरली, कोणी बघितली नाही. मी म्हटलं, नोटीस द्या, मी स्वतः घेऊन येते. म्हणाले, ताई, तुम्हाला ही जमात माहीत नाही.

नेलं ते रविवारी दुपारी सोडलं. मधल्या वेळात त्याची आई आणि मी पोलीस ठाण्याच्या बाकावर. "इथे कोणी नाही" हेच उत्तर. त्याच्यासारखीच सिग्नलवरची आणखी दोन मुलं आणली होती असं नंतर कळलं. त्याच सोसायटीत रोज येणारे पेपरवाले, दूधवाले, कुरिअरवाले आहेत, त्यातल्या एकालाही बोलावलं नाही. सुटून आला तेव्हा तळपाय इतके सुजले होते की चप्पल पायात जात नव्हती, हातात घेऊन आला. दोन कागदांवर सह्या घेतल्या, वर काही लिहिलेलं होतं का ते त्याला सांगता येत नाही. अटक दाखवलेली नाही. हातात एकही कागद नाही.

आता खरा त्रास सुरू झालाय. त्याचा भिंतीपुढे उभा करून काढलेला फोटो कोणाच्या तरी मोबाइलमधून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली लिहिलंय "संशयित, असा मुलगा दिसल्यास कळवा". तिथून शेजारच्या दोन सोसायट्यांत गेला. माझ्या चार गिऱ्हाइकांनी डबा बंद केला, एका बाईंनी फोन करून सांगितलं की मुलगा बदला, मग चालू करतो. आणि पोलीस म्हणतात, परिसरात काहीही झालं तर याने हजर व्हायचं.

त्याचं नाव कुठल्या यादीत गेलंय हे कसं कळेल? ते काढता येतं का? फोटो कसा थांबवायचा? त्याची आई म्हणते, ताई सोडून द्या, आमच्यात हे असंच असतं. मला सोडून द्यायचं नाही.

कोर्टनाका_वकील

ताई, सोडू नका. आधी एक गोष्ट विचारतो आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मुलाचं वय किती? आधारवरचं सांगू नका, दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख बघून सांगा.

तोवर हे वाचून ठेवा. तो अठराच्या वरचा आहे असं धरलं तरी जे घडलं ते कायद्यात बसत नाही. साधी चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, जास्तीत जास्त तीन वर्षं. राहत्या घरातली चोरी म्हणजे कलम ३०५, जास्तीत जास्त सात वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार निकालात सांगितलंय. आज तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) मध्ये आहे. अटक केलीच तर कारणं लेखी द्यायची, नातेवाइकाला कळवायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार कुठलीही नोंद न करता ठेवणं ही चौकशी नाही, बेकायदा डांबून ठेवणं आहे.

आणि हे तुमच्या मुलासाठी खास: ३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बातम्या झाल्या त्या तुरुंगातल्या जातीवार कामवाटपाच्या आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढण्याच्या. त्याच निकालात पोलिसांना स्पष्ट आदेश आहे की पारध्यांसारख्या विमुक्त जमातींच्या (इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या, नंतर त्यातून मुक्त झालेल्या) लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये म्हणून अर्नेशकुमार आणि २०२४ च्या अमानतुल्ला खान निकालातल्या सूचना पाळा. अमानतुल्ला खान निकाल हिस्टरी शीटबद्दलचा आहे, म्हणजे पोलीस संशयितांवर नजर ठेवायला जी नोंद ठेवतात तिच्याबद्दलचा. केवळ मागास किंवा विमुक्त समाजातला आहे म्हणून यांत्रिकपणे नाव चढवायचं नाही आणि या नोंदी वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासायच्या, असं त्यात आहे. तुमच्या अर्जात या दोन्ही निकालांची नावं आलीच पाहिजेत.

डबेवाली_ठाणे

वकील साहेब, आत्ताच त्याची ट्रंक उघडून बघितली. आधारवर १ जानेवारी २००६ आहे. त्याची आई म्हणते, कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने टाकलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर २००८ चा ऑगस्ट आहे. म्हणजे अठरा पुरी झालेली नाहीत. सतरा वर्षांचा मुलगा मी कामावर ठेवला यात काही अडचण येईल का?

कोर्टनाका_वकील

चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याचं नसलेलं काम करता येतं. कामाचे तास आणि सुट्टीचे नियम आहेत, ते मी तुम्हाला वेगळे पाठवतो. त्या भीतीने गप्प बसू नका.

वयाने सगळं प्रकरण बदललं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९४: वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेचं किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही सांगितलंय. त्यामुळे तुमच्या मुलाचं कायद्यातलं वय सतरा.

आता कलम १०. बालकाला कुठल्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत ठेवायचं नाही. विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याच्याकडून जबाबावर सही घ्यायची नसते, बेडी घालायची नसते. एवढंच नाही, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात बालकावर एफआयआरसुद्धा करायचा नसतो. दैनंदिनीत नोंद करायची आणि त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला द्यायचा.

आणि तुमच्या फोटोचं उत्तर कलम ७४ मध्ये आहे. चौकशीत आलेल्या बालकाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र कोणत्याही माध्यमातून उघड करायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच लेखी कळवा. मात्र ग्रुपवरचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असे. ते मिटवतील, मग पुरावा राहणार नाही.

दुसरं तातडीचं काम कॅमेऱ्यांचं. सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा असं पत्र द्या. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांसाठी वेगळा अर्ज. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालाप्रमाणे लॉकअप, व्हरांडे, प्रवेशद्वार सगळीकडे कॅमेरे हवेत आणि चित्रण किमान वर्षभर जपायचं आहे. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार एवढं मागा. "इथे कोणी नाही" याला तेवढंच उत्तर पुरेल.

पाय डॉक्टरला दाखवले का? खासगी डॉक्टरची चिठ्ठी असली तरी सरकारी रुग्णालयात जाऊन मारहाणीची नोंद करून घ्या. सूज उतरायच्या आत.

पालावरची

ताई, मी स्वतः फासेपारधी आहे. मूळ गाव कर्जत तालुक्यातलं, नगरचं. आता तुर्भ्याला राहते, महापेला कंपनीत अकाउंट्सला आहे. तुमची पोस्ट वाचून माझे हात थरथरले, कारण "आमच्यात हे असंच असतं" हे वाक्य माझ्या आईचं आहे.

लोकांना वाटतं हा एखाद्या वाईट पोलिसाचा प्रश्न आहे. तसं नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मुंबई इलाख्यात तो १९११ च्या कायद्यानंतर आला. त्यात माणसाने काही करायची गरजच नव्हती, जमात नोंदली की मूल जन्मतः गुन्हेगार. माझे पणजोबा पाटलाकडे हजेरी द्यायचे, गाव सोडून बाजाराला जायचं तरी चिठ्ठी घ्यायची. सोलापुरात तारेचं कुंपण घालून वसाहत केली होती, त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. देश स्वतंत्र झाला १९४७ ला आणि हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण सात वर्षांत, १९५९ ला, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कायद्यात जातीचं नाव राहिलं नाही, ठाण्यातल्या डोक्यात राहिलं. त्या मुलाला "काही झालं तर हजर व्हायचं" म्हणाले ना? माझ्या पणजोबांना हेच सांगत होते.

जालन्याचं प्रकरण वाचा. २००३ मध्ये भोकरदनजवळच्या वस्तीवर भयंकर दरोडा, खून आणि बलात्कार झाला. भटक्या जमातीचे सहाजण पकडले. वाचलेल्या बाईने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते, ते या सहांपैकी कोणाचेच नव्हते. तरी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती तरी. एकजण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. ही माणसं भटक्या जमातीची, अगदी तळातली, गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं निकालात म्हटलंय. सोळा वर्षं गेली. भरपाई प्रत्येकी पाच लाख.

ताई, एक काम लगेच करा. त्याच्याकडे जातीचा दाखला आहे का बघा, आणि त्यावर नेमकं काय लिहिलंय ते बघा. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जाती अ मध्ये. आडनावं तीच, पालं शेजारीशेजारी, पण ॲट्रॉसिटीचा कायदा पहिल्यांना लागतो, दुसऱ्यांना नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास मागतात. विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. फिरस्त्या माणसाचा १९५० चा कागद कुठून येणार? माझा दाखला निघायला आजोबांचं नाव असलेलं जुनं शाळेचं रजिस्टर सापडावं लागलं. पोलिसांना आमची जात तोंडी पटते, तहसीलदाराला आमच्याकडून पन्नास सालचा कागद लागतो. याच्यावर मी कितीही बोलले तरी माझा राग जात नाही.

घोडबंदर_रहिवासी

मुलाला मारलं ते चूक. पण आमच्याही टॉवरमध्ये चोऱ्या झाल्यात. पोलिसांनी अनुभवावरून काही लोकांवर जास्त लक्ष ठेवलं तर त्यात भेदभाव कसला? सगळ्यांची सारखी चौकशी करत बसले तर चोर सापडणारच नाही.

कळव्याचा_न्यूजर्सीत

तुमचा प्रश्न इथे अमेरिकेत कोर्टापुढे आकड्यांसकट तपासला गेलाय, म्हणून लिहितो. न्यूयॉर्कचे पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून झडती घ्यायचे. समर्थन हेच होतं, अनुभवावरून. जानेवारी २००४ ते जून २०१२ मध्ये ४४ लाखांहून अधिक वेळा लोकांना थांबवलं. त्यातल्या ५२ टक्के वेळा माणूस काळा होता, ३१ टक्के वेळा हिस्पॅनिक, १० टक्के वेळा गोरा. आणि १०० पैकी ८८ वेळा पुढे काहीच कारवाई झाली नाही, ना अटक ना समन्स. ज्यांची अंगझडती घेतली त्यांच्यापैकी १.५ टक्क्यांकडे हत्यार सापडलं. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. म्हणजे "जास्त लक्ष" ठेवून चोर सापडत नव्हते, लाखो निरपराध माणसं भिंतीला तोंड करून उभी राहत होती.

मी राहतो त्या न्यूजर्सीत १९९८ मध्ये टर्नपाइक महामार्गावर पोलिसांनी एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या, आत चार काळे आणि हिस्पॅनिक तरुण होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या दाव्यातून करार झाला आणि राज्य पोलिसांना प्रत्येक थांबवलेल्या चालकाचा वंश नोंदवणं भाग पडलं. त्या नोंदींमुळे वाद घालायला काहीतरी हातात आलं. आपल्याकडे तुरुंगांच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मोजतात, विमुक्तांचा वेगळा आकडा नसतो. २०२२ च्या शेवटी देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, होते. त्यात पारधी किती, कैकाडी किती, वडार किती, सांगता येत नाही. मोजलंच नाही तर अन्याय आहे हे दाखवायचं कशाने?

निवृत्त_हवालदार

मी ठाणे आयुक्तालयातूनच निवृत्त झालो. घोडबंदरच्या साहेबांना उत्तर देतो. सोसायटीतून तक्रार आली की पहिला प्रश्न आम्हीच विचारायचो, संशय कोणावर? आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर यायचं वॉचमन, मोलकरीण, भंगारवाला, सिग्नलवरची पोरं. आपल्या भाच्याचं नाव कोणी घेत नाही. मग वरून विचारणा होते, उकल का नाही, क्राइम मीटिंगमध्ये उभं करतात. डीबीचं, म्हणजे ठाण्यातलं गुन्हे शोधणारं, पथक निघतं ते त्याच नावांकडे. ज्याच्यामागे वकील नाही, नातेवाईक बोलत नाहीत, त्याला उचलणं सोपं. मी नवीन असताना जुने लोक जमातीनुसार शिकवायचे, अमकी जमात घरफोडी कशी करते, तमकी पाकीटमारी कशी करते. त्यावर विश्वास ठेवून पोरं घडतात. सापडलेल्यांत तेच जास्त, असं म्हणतात, कारण शोधतात तिथेच.

ताई, तुम्हाला कामाचं सांगतो. तोंडी कोणाशी बोलू नका. अर्ज तीन प्रतींत करा: वरिष्ठ निरीक्षक, परिमंडळाचे उपायुक्त, आणि तुमची स्वतःची. आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. अर्जात वही, गेट रजिस्टर, पाच साक्षीदारांची नावं, सगळं जोडा. अशा अर्जाची फाइल होते, आणि फाइल झालेल्या पोराला पुन्हा रात्री उचलायला कोणी सहज जात नाही. पुन्हा फोन आला तर एकच उत्तर द्या, लेखी नोटीस द्या, पालक आणि वकिलाबरोबर येतो.

पालावरची

काका, हे तुम्ही उघड लिहिलंत म्हणून आभार. आमची माणसं हे सांगतात तेव्हा कोणी खरं मानत नाही.

डबेवाली_ठाणे

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी सगळं त्याला आणि त्याच्या आईला वाचून दाखवलं. कलम ७४ ऐकल्यावर मुलगा म्हणाला, काकू, म्हणजे माझा फोटो टाकणं हाच गुन्हा आहे? त्याला ते दोनदा वाचून हवं होतं.

सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पायांची नोंद केली, कागद मिळाला. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पत्र घेऊन मी स्वतः गेले. आधी म्हणाले, आम्ही फक्त आलेला फोटो पुढे पाठवला. मी कलम दाखवलं आणि गेट रजिस्टरचं पान दाखवलं. बारा सव्वीसला बाहेर, चोरी दोननंतर, हे तुमच्याच वॉचमनने लिहिलंय म्हटलं. फोटो काढला. चित्रण जपून ठेवतो असं लेखी दिलं. पण ग्रुपवर "हा मुलगा नव्हता" असं लिहा म्हटलं तर गप्प बसले. ते मी सोडणार नाही. संशय ज्या ग्रुपवर पसरला त्याच ग्रुपवर खुलासा यायला हवा, नुसता फोटो पुसून लोकांच्या मनातलं जात नाही. ज्या बाईंनी मुलगा बदला म्हटलं, त्यांना मी सांगितलं, डबा हाच मुलगा आणेल, नको असेल तर दुसरीकडे घ्या.

अर्ज दिलाय, आवक शिक्का मिळालाय. उपायुक्त कार्यालयातही दिला. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागितलंय.

जातीचा दाखला नाही त्याच्याकडे. वडिलांचाही नाही. आष्टीला एका चुलत्याचा आहे म्हणतात, त्यावर फासेपारधी लिहिलंय. तो मिळाला तर चालेल का? आणि वकिलाची फी? त्याची आई म्हणते गजऱ्यातून भागवीन. मला ते होऊ द्यायचं नाही.

कोर्टनाका_वकील

चुलत्याचा दाखला फार उपयोगी आहे, विशेषतः त्याची जात पडताळणी झालेली असेल तर. वडिलांकडचं रक्ताचं नातं दाखवणारी वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लागेल. तो मिळेपर्यंत ॲट्रॉसिटीचा विषय थांबवू. कलम ३(१) मधला खोटी माहिती देऊन लोकसेवकाला अनुसूचित जमातीच्या माणसाविरुद्ध वापरण्याचा भाग इथे लागू शकतो, पण दिलेली माहिती खोटी होती हे दाखवावं लागेल. आज आपल्या हातातलं भक्कम हत्यार बाल न्याय कायदाच आहे.

फीचा प्रश्नच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बालकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. त्याच्या आईलाही स्त्री म्हणून मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा १५१०० वर फोन करा. मी पॅनलवर नाही, पण अर्ज लिहायला येतो. बाल न्याय मंडळापुढे आपणच जायचं आहे, पोलिसांनी नेण्याची वाट बघायची नाही. बेकायदा ठेवलं, सह्या घेतल्या, मारलं, हे मंडळाला लेखी सांगायचं. सोबत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार.

यादीचं विचारलं होतंत. माहिती अधिकारात त्याच्या आईच्या नावाने अर्ज करा: माझ्या मुलाचं नाव हिस्टरी शीट, सराईतांची यादी किंवा पाळत रजिस्टरमध्ये आहे का, असल्यास कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला. नाही असं उत्तर आलं तर तो कागद लॅमिनेट करून ठेवा. हो आलं तर अमानतुल्ला खान निकाल घेऊन उच्च न्यायालयात जायला ते उत्तरच आपला पाया.

पालावरची

आष्टीच्या तहसील कचेरीत माझ्या मामाची ओळख आहे, जुन्या रजिस्टरची नक्कल कशी मागायची ते तो सांगेल. ताई, मला निरोप पाठवा. त्या मुलाला आयटीआयच्या फॉर्मसाठीही तोच दाखला लागणार आहे, म्हणजे उशीर नको.

डबेवाली_ठाणे

निरोप पाठवलाय. उद्या अकरा वाजता त्याच्या आईला घेऊन कोर्टात विधी सेवेच्या कार्यालयात जातेय, डबे उद्या माझी भाची बघेल. वकील साहेब, दहावीचं सर्टिफिकेट मूळ आणू की झेरॉक्स पुरेल?

कोर्टनाका_वकील

मूळ दाखवायला आणा, द्यायचं नाही कोणाला. झेरॉक्सचे चार संच, प्रत्येक पानावर आईचा अंगठा किंवा सही. डब्यांची वहीही आणा, पूर्ण वही, फाडलेलं पान नको. मी साडेदहाला गेटपाशी थांबतो.